६३७ जोड्या

संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती ज्यांनी चाळल्या असतील, त्यांना पदाच्या माथ्यावरची बारीक टायपातली ती ओळ आठवत असेल. राग अमुक, ताल तमुक, चाल अमक्या पदाची. ज्याला गाणे येते त्याला त्या ओळीत सारे पद ऐकू येते. ज्याला येत नाही, तो ती ओलांडून खालचे शब्द गद्यासारखे वाचत जातो. शब्द जागच्या जागी राहतात, अर्थही लागतो, कुणाचे काही अडत नाही. आम्ही दोघेही गाण्यात औरंगजेब असल्यामुळे विद्यार्थीदशेत ‘संगीत सौभद्र’ अशाच रीतीने वाचले आणि त्यावरच्या प्रश्नाला बऱ्यापैकी गुणही मिळवले. गेल्या वर्षी अशीच एक ओळ एका संगणकीय आज्ञावलीत आमच्यासमोर आली. ती वाचली न गेल्याने काय झाले आणि वाचली गेल्यावर काय झाले, ते सांगायचे आहे. दुसरे प्रकरण पहिल्याहून वाईट होते.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाचा विषय मध्ययुगीन वाङ्मय, दुसऱ्याचा भाषाविज्ञान. संतांच्या छापील गाथांत एकाचे अभंग दुसऱ्याच्या नावे, किंवा तोच अभंग थोड्या पाठभेदाने दोन ठिकाणी आलेला आढळतो. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा याची रचना मिसळली आहे, हे तर एम.ए.च्या वर्गात आपण सारेच सांगतो. पण ‘मिसळली आहे’ असे म्हणणे निराळे आणि कोणता अभंग कोणत्या अभंगाशी किती जुळतो हे दाखवणे निराळे. आम्ही निरनिराळ्या गाथांतून ४५०० अभंग निवडून विद्यार्थ्यांच्या मदतीने टंकित करून घेतले आणि प्रत्येक अभंग इतर प्रत्येक अभंगाशी ताडून पाहायचे ठरवले.

येथे थोडे गणित येते, त्याची क्षमा असावी. ४५०० अभंगांच्या जोड्या होतात ४५०० गुणिले ४४९९ भागिले २, म्हणजे १,०१,२२,७५०. एका अभंगात सरासरी चारशे अक्षरखुणा धरल्या, तर दोन अभंगांतले अंतर (म्हणजे किती खुणा बदलल्या, गाळल्या वा घातल्या असता एकाचा दुसरा होईल, ती संख्या) काढायला चारशे गुणिले चारशे, म्हणजे १,६०,००० घरांचा तक्ता भरावा लागतो. असे तक्ते एक कोटीहून अधिक. एकूण घरे सुमारे एक लाख बासष्ट हजार कोटी. हे काम माणसाचे नव्हे.

आमचा एक जुना विद्यार्थी बी.ए.नंतर संगणकाकडे वळला आणि आता पोटापाण्यासाठी तेच करतो. त्याने दोन रविवार खर्चून सी प्लस प्लस भाषेत आज्ञावली लिहून दिली. देवनागरीची एकेक खूण युटीएफ-८ मध्ये तीन बाइट व्यापते, तेव्हा बाइट न मोजता खुणा मोजायला हव्यात, हे त्याने न सांगता केले होते. मराठी शिकवल्याचे चीज झाले असे वाटले. असो. मुख्य फेऱ्याच्या, म्हणजे लूपच्या डोक्यावर त्याने एक ओळ लिहिली होती: ‘प्राग्मा ओएमपी पॅरलल फॉर’. “सर, ही ओळ आहे म्हणून काम चार भागांत वाटले जाईल. तुमच्या विभागातल्या संगणकाला चार गाभे आहेत,” असे त्याने फोनवर सांगितले.

ओएमपी म्हणजे ओपनएमपी. एकच काम संगणकाच्या अनेक गाभ्यांत वाटून देण्याची ही पद्धत १९९७ मध्ये फोरट्रान भाषेसाठी आणि १९९८ मध्ये सी आणि सी प्लस प्लससाठी ठरवली गेली. तिची गंमत अशी की मूळ आज्ञावली जवळजवळ तशीच ठेवायची आणि डोक्यावर फक्त ‘प्राग्मा’ची ओळ लिहायची. ज्या कंपायलरला ती कळते, तो काम वाटून देतो. ज्याला कळत नाही, किंवा जिकडे लक्ष दे असे ज्याला सांगितलेलेच नाही, तो ती ओलांडून पुढे जातो. ही त्रुटी नाही, योजनाच तशी आहे. एकच संहिता गाणाऱ्यालाही चालावी आणि न गाणाऱ्यालाही.

आम्ही आज्ञावली चालवली. दोन तास लागले. पुन्हा चालवली, पुन्हा दोन तास. उत्तरे ठीक होती. काही जोड्या हाताने ताडून पाहिल्या, चूक निघाली नाही. एवढे मोठे काम म्हणजे दोन तास लागणारच, अशी आम्ही समजूत करून घेतली. मध्यंतरी त्या आज्ञावलीत आम्ही स्वतः चार ओळींची भर घातली. साम्याचे दहा रकाने केले, शून्य ते दहा टक्के, दहा ते वीस, असे शंभरापर्यंत, आणि प्रत्येक जोडी ज्या रकान्यात पडेल तेथला आकडा एकाने वाढवायचा. आयुष्यात प्रथमच लिहिलेल्या या ओळी पहिल्या फटक्यात चालल्या, त्याचा आनंद आम्ही चहा मागवून साजरा केला. या चार ओळी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात.

प्रयोगशाळेतला साहाय्यक एकदा सहज पडद्यापाशी थांबला. चार गाभ्यांपैकी एकच राबतो आहे, बाकीचे तीन रिकामे बसले आहेत, हे त्याने दाखवून दिले. डोक्यावरची ओळ कुणी वाचतच नव्हते.

विद्यार्थ्याला विचारले तेव्हा उलगडा झाला. कंपायलरला ती ओळ वाचायला लावण्यासाठी एक खूण द्यावी लागते. जीसीसी या कंपायलरला २००७ सालच्या ४.२ या आवृत्तीपासून ओपनएमपी येते, पण आधी उणे चिन्ह देऊन ‘एफओपनएमपी’ असा शब्द लिहिला तरच. आमचा विद्यार्थी आपल्या संगणकावर हा शब्द दर वेळी हाताने टंकित करत असे. त्याच्या बोटांना तो इतका सवयीचा झाला होता की आम्हाला पाठवलेल्या बांधणीच्या फायलीत तो लिहायचाच राहिला. कंपायलरला ‘सर्व इशारे दे’ असे सांगितले असते, तर एक ओळ सोडून दिली एवढे त्याने कळवले असते. आम्ही तेही सांगितले नव्हते.

बांधणीची फाइल म्हणजे काय, हे येथे सांगायला हवे. आज्ञावली लिहिली म्हणजे ती चालत नाही. कंपायलर तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो, तिला लागणाऱ्या लायब्ऱ्या तिला जोडल्या जातात, मग ती चालते. कोणती फाइल आधी, काय कशाला जोडायचे, कंपायलरला कोणत्या खुणा द्यायच्या, हे जिथे लिहून ठेवतात ती व्यवस्था म्हणजे बिल्ड. या क्षेत्रातला आदिग्रंथ म्हणावा असा ‘मेक’ हा कार्यक्रम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. त्याच्या फायलीत आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तिथे साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत आणि डोळ्यांना तर दोन्ही सारख्याच दिसतात. ही चूक फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. डझनभर माणसांच्या सोयीसाठी राखलेला तो पाठ आज जगभर चालतो! पाठचिकित्सेच्या वर्गात हे उदाहरण आम्ही आता आवर्जून देतो.

आमच्याकडे होती ती ‘सीमेक’ची फाइल. सीमेक २००० सालच्या सुमारास किटवेअर या अमेरिकी संस्थेत, वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या एका प्रकल्पासाठी तयार झाले. निरनिराळ्या संगणकांवर तीच संहिता बांधता यावी, हा त्याचा हेतू. फाइल जेमतेम सहा ओळींची होती. विद्यार्थी म्हणाला, “‘फाइंड पॅकेज ओपनएमपी’ अशी ओळ घाला.” आम्ही घातली. पडद्यावर उत्तर आले की ओपनएमपी सापडले, आवृत्ती ४.५. आम्ही हर्षभराने आज्ञावली चालवली. दोन तास.

सापडणे आणि जोडले जाणे यांत अंतर आहे, हे समजायला आमचे तीन दिवस गेले. सीमेकने शोध घेतला, वस्तू घरात आहे असे सांगितले आणि ती जागेवरच ठेवली. अमुक आज्ञावलीला ती जोड, असे आणखी एका ओळीत सांगावे लागते. ‘टार्गेट लिंक लायब्ररीज’ असा आरंभ करून आपल्या आज्ञावलीचे नाव आणि ओपनएमपीचे नाव लिहायचे. २०१७ च्या ३.९ या आवृत्तीपासून या एका ओळीत दोन्ही गोष्टी होतात. कंपायलरला खूण मिळते आणि चालताना लागणारी लायब्ररीही जोडली जाते. आम्ही मधल्या काळात स्वतःच्या हुशारीने खूण तेवढी घातली आणि लायब्ररी जोडली नाही, तेव्हा मात्र बांधणी ताडकन थांबली आणि पडदाभर चुका आल्या. त्या चुकांचे आम्हाला आता प्रेमच वाटते. निदान त्या बोलत तरी होत्या.

याच दिवसांत ‘समांतर’ या शब्दाने आमची आणखी फसगत केली. कुणीतरी सांगितले, ‘मेक’पुढे उणे जे आणि चार लिहा म्हणजे समांतर होईल. लिहिले. बांधणी झटक्यात झाली आणि आज्ञावली पूर्ववत दोन तास चालली. चार जणांनी मिळून घर बांधले म्हणून त्यात चार माणसे राहायला येत नाहीत. समांतर झाले होते ते बांधण्याचे काम.

आमच्यापैकी एकाच्या मुलीकडे मॅक आहे. घरी काम करता यावे म्हणून तीच फाइल तेथे चालवली. ॲपलने दिलेल्या क्लँग कंपायलरबरोबर ओपनएमपीची लायब्ररी येत नाही, ती वेगळी आणून बसवावी लागते. सीमेकने शोधले, सापडले नाही. तरी तो थांबला नाही. विद्यार्थ्याने जोडणीची ओळ ‘सापडल्यास जोड’ अशा अटीत लिहून दिली होती, तेव्हा बांधणी निर्विघ्न पार पडली आणि गाणे नसलेले नाटक पुन्हा उभे राहिले. त्यावर त्याने सांगितलेला उपाय म्हणजे शोधाच्या ओळीत शेवटी एक शब्द: ‘रिक्वायर्ड’. हा शब्द असला तर वस्तू न सापडताच सीमेक काम थांबवतो आणि का थांबवले ते सांगतो. एवढ्या सगळ्या खटाटोपात आम्हाला खरा मोलाचा वाटलेला शब्द हाच. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीत होत्या तेव्हा ती लिपी न जाणणाऱ्याला निदान एवढे तरी कळत होते की आपल्याला ही पोथी वाचता येत नाही. आमच्या फायलीने आम्हाला तेवढेही कळू दिले नव्हते.

खात्रीसाठी आज्ञावलीच्या आरंभीच एक संख्या छापून घेतली. ओपनएमपी जागे असेल तर कंपायलर त्याच्या आवृत्तीचे वर्ष आणि महिना एका नावाखाली ठेवतो. आमच्याकडे आले २०१५११, म्हणजे नोव्हेंबर २०१५. ग्रंथाच्या शेवटी लेखनाचा शक सापडावा तसे झाले.

आता चारही गाभे राबू लागले. तरी वेळ दोन तासांचा अर्धा तास न होता जवळजवळ एक तासच झाला. याचे कारण मात्र आम्हीच शोधले, आणि त्याचा अभिमान आम्ही लपवणार नाही. पहिला अभंग ४४९९ अभंगांशी ताडायचा असतो, दुसरा ४४९८ अभंगांशी, शेवटच्याला कुणीच उरत नाही. अभंगांचे क्रमाने चार समान गट केले तर काम समान वाटले जात नाही. हिशेब केला तर तो नेमका आण्यांत उतरतो. सोळा आण्यांपैकी पहिल्याकडे सात, दुसऱ्याकडे पाच, तिसऱ्याकडे तीन आणि चौथ्याकडे एक आणा. चौथा केव्हाच हात झटकून बसतो, पहिला घाम गाळत राहतो. विभागप्रमुखाला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच ओळीत ‘शेड्यूल डायनॅमिक’ असे लिहिल्यावर, जो मोकळा होईल त्याने पुढचा अभंग उचलावा अशी व्यवस्था झाली आणि काम पस्तीस मिनिटांवर आले.

त्या आठवड्यात टंकलेखनातल्या चुका सुधारून आम्ही अखेरची फेरी चालवली, दहा रकान्यांचा तक्ता काढला आणि तो लेखात घालून एका नियतकालिकाकडे पाठवला. लेख छापून आला.

पुढे एम.ए. भाग दोनच्या वर्गात आम्ही तोच अंक घेऊन गेलो. जोड्यांचे सूत्र फळ्यावर मांडले. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी मोबाइलवर काहीतरी करत होती, तिला हटकणार तोच तिने हात वर केला. “सर, एकूण जोड्या एक कोटी एक लाख बावीस हजार सातशे पन्नास हव्यात ना? दहा रकान्यांची बेरीज ६३७ ने कमी येते. त्या जोड्या कुठे गेल्या?”

तक्त्यात ‘एकूण’ असा रकानाच आम्ही ठेवला नव्हता. ठेवला असता तर तो आम्हाला भरावा लागला असता.

विभागात येऊन आज्ञावली पुन्हा चालवली. तूट आली, पण ६३७ ची नव्हे, निराळीच. तिसऱ्यांदा आणखी निराळी. संहिता तीच, आज्ञावली तीच, यंत्र तेच, आणि दर वेळी उत्तर वेगळे. मग ‘एफओपनएमपी’ची खूण काढून टाकली आणि दोन तास थांबलो. बेरीज आली १,०१,२२,७५०. ती ओळ कुणी वाचत नव्हते तोवर आमचे सारे बरोबर होते.

दोष आमच्या त्या चार ओळींचा होता. विद्यार्थ्याने लिहिलेल्या भागात, जुळणाऱ्या जोड्यांची यादी करताना एका वेळी एकानेच लिहावे असा पहारा बसवलेला होता. आम्ही घातलेल्या रकान्यांना पहारा नव्हता. विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीत फळ्यावर मतमोजणी चालते, तिची कल्पना करावी. उमेदवाराच्या नावापुढे ४१ आहेत. दोघे जण एकाच क्षणी फळ्याकडे येतात, दोघेही ४१ वाचतात, मनात एक मिळवतात, पुसतात आणि ४२ लिहितात. मते दोन पडली, आकडा एकाने वाढला. कुणी खोटे लिहिले नाही, कुणी आळस केला नाही. ‘एकाने वाढव’ ही आपल्याला एक कृती वाटते. यंत्राच्या दृष्टीने वाचणे, मिळवणे आणि लिहिणे अशा त्या तीन कृती आहेत आणि त्यांच्या फटीत दुसरा येऊ शकतो. असे होण्याचा संभव प्रत्येक जोडीमागे अगदी थोडा, पण जोड्या एक कोटीहून जास्त.

उपाय पुन्हा डोक्यावरच्या ओळीतच होता. ‘रिडक्शन’ असे सांगून बेरजेचे चिन्ह आणि दहा रकान्यांचे नाव लिहिले की प्रत्येकाला आपापला वेगळा तक्ता मिळतो, तो शेवटपर्यंत कुणी दुसरा पाहत नाही, आणि काम संपल्यावर चार तक्त्यांची एकदाच बेरीज होते. सी प्लस प्लसमध्ये अख्ख्या रकान्यांसाठी ही सोय ४.५ या आवृत्तीपासून, म्हणजे त्या नोव्हेंबर २०१५ पासूनच आली आहे. बदल एका ओळीचा. पस्तीस मिनिटांनी बेरीज आली १,०१,२२,७५०. पुन्हा चालवली, तीच.

खरा पेच यानंतर पडला. आमचा लेख ज्या रकान्यावर उभा होता तो शेवटचा, नव्वद टक्क्यांहून अधिक साम्याचा. त्यात मुळात जोड्या इतक्या थोड्या की दोघे एकाच वेळी तेथे पोहोचण्याचा प्रसंगच आला नव्हता. चुकीच्या तक्त्यात आणि बरोबर तक्त्यात त्या रकान्यातला आकडा एकच होता. ६३७ जोड्या हरवल्या होत्या त्या गर्दीच्या रकान्यांत, जेथे अभंगांचे एकमेकांशी काही देणेघेणे नाही. टक्केवारीत मांडले तर दोन दशांश स्थळांपर्यंत फरकही दिसत नव्हता. आमच्यापैकी एकाचे म्हणणे पडले की निष्कर्ष अबाधित आहे, उगाच शुद्धिपत्र कशाला काढायचे? दुसऱ्याचे म्हणणे होते की निष्कर्ष अबाधित राहिला तो आपल्या दक्षतेमुळे राहिला नाही, आणि तक्ता आपल्या नावाने छापला आहे. या एका प्रश्नावर आम्ही चार दिवस एकमेकांशी नीट बोललो नाही. आजवर सगळे लेखन ‘आम्ही’ म्हणून केले, त्यामुळे त्या चार दिवसांत कुणी कोणते वाक्य म्हटले हे येथेही सांगणार नाही.

पाचव्या दिवशी संपादकांना पत्र गेले. त्यांचा फोन आला. ते सौजन्याने म्हणाले, “अहो, एवढे काय त्यात! पुढच्या अंकात मुद्रणदोष म्हणून एक चौकट देऊ. वाचकांना आज्ञावलीचे कशाला सांगत बसायचे?” मुद्रितशोधक बिचारा निर्दोष होता. त्याने आमचे आकडे अंक न् अंक ताडून छापले होते. आम्ही विनंती केली की चौकटीत ‘मुद्रणदोष’ हा शब्द नको, ‘लेखकांची चूक’ असे छापावे, आणि खाली ‘एकूण’ हा रकाना घालून नवा तक्ता द्यावा. जागेचा प्रश्न निघाला. अखेर तक्ता बसला, खुलासा दोन ओळींचा राहिला. त्या विद्यार्थिनीचा उल्लेख करण्याची परवानगी आम्ही तिच्याकडे मागितली होती. तिने नकार दिला. आपण फक्त बेरीज केली, असे तिचे म्हणणे होते.

तिला लघुप्रबंधासाठी आता तीच संहिता हवी आहे. काल तिने ती आपल्या लॅपटॉपवर उतरवून बांधायला घेतली, तेव्हा ओपनएमपी न सापडल्यामुळे सीमेक तेथेच थांबला. फायलीतला तो एक शब्द आम्ही काढून द्यावा म्हणजे निदान सावकाश तरी चालेल, असा तिचा निरोप आहे. शब्द आम्ही काढलेला नाही. काय बसवायचे ते आज दुपारी तिला कळवले आहे.